वॉशिंग मशीनचे पाणी जात नाही? मेकॅनिकला फोन करण्याआधी घरीच हे तपासा

कपडे धुऊन झाले, पण मशीन मध्येच थांबले. ड्रममध्ये साबणाचे पाणी तसेच आणि कपडे गच्च ओले. पावसाळ्यात असे झाले की घरात वासच सुटतो. अशा वेळी मोटार गेली असेल म्हणून लोक घाबरतात. पण बऱ्याचदा दोष मोटारीचा नसतो, पाणी जाण्याची वाट तुंबलेली असते. ती घरच्या घरी मोकळी करता येते.

आधी ही काळजी घ्या
बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. पाण्याचा नळ बंद करा. गरम पाण्यात कपडे लावले असतील तर पाणी निवू द्या. ओल्या हाताने किंवा ओल्या फरशीवर उभे राहून प्लगला हात लावू नका.

अडकले कुठे?
पाइप मशीनमागे दबला किंवा मुडपला आहे का, ते पाहा. नसेल तर पाइपचे टोक मोरीतून काढून बादलीत धरा आणि ड्रेन सुरू करा. बादलीत पाणी जोरात आले तर मशीन ठीक आहे, मोरीची जाळी किंवा घरचा ड्रेनेज तुंबला आहे. पाणी बारीक आले तर फिल्टर किंवा पाइप साफ करावा लागेल. पुढचे काम करण्याआधी प्लग पुन्हा काढा.

फ्रंट लोडचा फिल्टर
बहुतेक फ्रंट लोड मशीनला समोर खालच्या कोपऱ्यात छोटे झाकण असते. त्याखाली पसरट भांडे आणि जुना टॉवेल ठेवा. आत छोटी नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा. मग फिल्टर डावीकडे सावकाश फिरवा. नाणी, बटणे, केस, धाग्यांचा गोळा, कधी लहान मुलाचा मोजाही निघतो. आतला पंख्यासारखा भाग बोटाने हलतो का, तेही पाहा.

पाइप कसा धुवावा?
मागची क्लिप पकडीने सैल करून पाइप काढा. कोमट पाण्यात थोडी साबण पावडर घालून भिजवा, मग नळाच्या जोराने दोन्ही बाजूंनी धुवा. उकळते पाणी ओतू नका, प्लास्टिक मऊ पडते. टोकदार तार घातली तर पाइपला भोक पडते. ॲसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

जोडताना चूक नको
क्लिप घट्ट बसवा. फ्रंट लोडचा पाइप पुस्तिकेत दिलेल्या उंचीवरच ठेवा. फार खाली सोडला तर भरतानाच पाणी वाहून जाते. साध्या सेमी ऑटोमॅटिकचे उलट असते. त्यात पाणी उतारानेच जाते, म्हणून पाइप जमिनीलगत हवा. शेवटी रिकामे मशीन एकदा चालवून गळती तपासा.

मेकॅनिक कधी बोलवावा?
ड्रेनच्या वेळी पंपाचा आवाजच येत नसेल, करपट वास येत असेल किंवा मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर स्वतः काही उघडू नका. झिणझिण्या म्हणजे अर्थिंगचा दोष असू शकतो, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

पुन्हा तुंबू नये म्हणून खिसे तपासा, पावडर मापात घाला आणि महिन्यातून एकदा फिल्टर धुवा. दहा मिनिटांचे काम, पण पुढचा खर्च आणि मनस्ताप वाचतो.