बालसाहित्य : महिन्याचा नेम, आयुष्याचे संचित

मुलांसाठी लिहिणाऱ्याने संकल्प केवढा करावा, याचा वस्तुपाठ 'बालबोध' मासिकात सापडतो. विनायक कोंडदेव ओक (१८४०-१९१४) यांनी १८८१ पासून ते चालविले. दर अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध आणि एक शास्त्रीय लेख, एवढाच नेम. तो अखेरपर्यंत पाळल्याने ४०२ चरित्रे व तितक्याच कविता जमल्या. छपाईची बाजू मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने सांभाळली. पुढे नागपुरातून निघालेल्या 'मुलांचे मासिक'लाही दरमहाची हीच शिस्त लागू होती.

नव्या लेखकानेही महिन्याला एक गोष्ट पुरी करावी, ती एखाद्या शाळेत वाचून दाखवावी आणि तिमाहीत एक हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवावे. उद्दिष्ट मोजता आले, तरच ते पाळता येते.