धडधड आणि नाडीची गणना

कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढून आलेला यात्रेकरू ‘छातीत धडधडते’ असे म्हणतो, आणि खाटेवर निजलेला हृद्रोगीही तेच म्हणतो. पहिल्याची धडधड विसाव्याने शमते. दुसऱ्याची शमेलच असे नाही. मराठीत आगही धडधडते आणि भीतीने धडकीही भरते. वेग, आवाज आणि भय यांत हा अनुकरणवाचक शब्द भेद करीत नाही. तो भेद करण्याचे काम परिचर्या करणाराकडे फार उशिरा आले.

चरकसंहितेत वातविकारांमध्ये ‘हृद्द्रव’ गणला आहे. नाडीपरीक्षा मात्र तेथे नाही. ती शार्ङ्गधराच्या ग्रंथात आढळते. जळू, सर्प, बेडूक, हंस यांच्या चालींवरून त्याने नाडीच्या गतीचे रूप सांगितले, संख्या नव्हे. वेगवती नाडी त्याने ज्वर, काम व क्रोध यांच्याशी जोडली. चिंता व भय यांनी ती क्षीण होते, असे त्याचे मत. मराठीतील ‘धडकी’ याच्याशी जुळत नाही, हे लक्षणीय होय. मिनिटागणिक ठोके मोजण्याच्या घड्याळाविषयीचा जॉन फ्लॉयरचा ग्रंथ १७०७ मधील.

उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शौच हे परिचराचे गुण चरकाने सांगितले. निर्णय वैद्याचाच राहिला. ‘परिचारिका’ हा शब्द त्याच धातूचा. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सेवासदनाने स्त्रियांना या शिक्षणाकडे वळविले, तरी निर्णयाची मर्यादा तीच होती. ती १९६० नंतर फिलाडेल्फियात ओलांडली गेली. लॉरेन्स मेल्ट्झर व परिचारिका रोझ पिनिओ यांच्या हृद्रोगकक्षात घातक ताल ओळखून विद्युत्‌-आघात देण्याचा अधिकार परिचारिकेस मिळाला.

यंत्र नसेल तेथे बोटे व घड्याळ हीच साधने. विश्रांतीतील प्रौढाचे ठोके शंभरावर गेले तर ते वेगवान समजावेत. ताल अनियमित असेल तर पूर्ण मिनिट मोजावे. अलिंदांच्या कंपनात काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून एकीने छातीवर व दुसरीने मनगटावर एकाच वेळी मोजून अंतर नोंदवावयाचे असते. चक्कर, धाप, छातीत दुखणे किंवा उतरलेला रक्तदाब सोबत असेल तर डॉक्टरांस तत्काळ बोलवावे, रुग्णास एकटे सोडू नये.

कळवणचा रुग्ण पुष्कळदा अहिराणी वा कोकणा बोलीत बोलतो. १९०७ मध्ये ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने खानदेशीला भिल्ल भाषांच्या खंडात स्थान दिले होते. नोंदपत्राची भाषा मात्र प्रमाण मराठी वा इंग्रजी. त्याच्या बोलण्याचा अर्थ घेऊन ‘रुग्ण घाबरला आहे’ एवढेच लिहिले गेले, तर शब्दातले भय कागदावर येते आणि वेग निसटतो.