खांदेरीचा खडक

गेल्या पावसाळ्यांत निजामपुऱ्यांतील आमच्या एका विद्यार्थ्यानें, जो दिवसा यंत्रमागावर पाळी करतो व रात्रीं इतिहास वाचतो, एक जपानी चित्रकथा आम्हांस आणून दिली. ‘वन पीस’ हें तिचें नांव. ऐइचिरो ओदा ह्या चित्रकारानें १९९७ सालीं ती एका साप्ताहिकांत आरंभिली. खंडांनीं शंभरी ओलांडली तरी ती संपावयाचें लक्षण दिसेना. रबरासारखे हातपाय ताणणारा एक पोरगा आणि त्याचे चांचे सोबती हे तिचे नायक. असलें वाङ्मय आमच्या वयाच्या माणसास रुचावयाचें नाहीं, असें म्हणून आम्ही तें परत करणार होतों. पण तींतील एका प्रकरणानें आम्हांस थांबविलें.

गलबत फुटून झेफ नांवाचा चांचा आणि सांजी नांवाचा पोर असे दोघे एका ओसाड, उंच खडकावर अडकतात. झेफ लहान गांठोडें पोरास देतो, मोठें आपल्यापाशीं ठेवतो, आणि त्याच्याकडे पाठ करून बसतो. सत्तर दिवसांनीं भुकेनें वेडा झालेला पोर सुरी घेऊन त्या मोठ्या गांठोड्यावर चालून जातो, तों त्यांतून निघतें काय, तर सोनें! अन्न होतें तेवढें सारें पोराच्याच वांट्यास आलें होतें. झेफनें स्वतःचा पाय खाऊन प्राण धरला होता.

“सर, असा खडक खरोखर कोठें आहे काय?” असें विद्यार्थ्यानें विचारलें. त्यास दिलेलें उत्तर येथें थोडें विस्तारानें देत आहों.

उत्तराचा आरंभ भिवंडींतच होतो. १६५७ सालीं कल्याण व भिवंडी शिवाजीमहाराजांच्या हातीं आलीं, आणि मराठ्यांचीं आरंभींचीं लढाऊ गलबतें ह्याच खाड्यांच्या परिसरांत बांधलीं जाऊं लागलीं. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत त्याविषयींची धास्ती उमटलेली आहे. आमच्या मुलांस पावनखिंड ठाऊक असते. घरामागची खाडी ठाऊक नसते.

ह्या आरमाराची खरी कसोटी खांदेरीस लागली. तेथें किल्ला बांधण्याचा १६७२ मधील प्रयत्न फसला होता. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरलाही नसतां, मायनाक भंडारी सुमारें दीडशें माणसें व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. मुंबई बंदराच्या तोंडाशीं असलेल्या ह्या बेटाचें मोल इंग्रज ओळखून होते. सप्टेंबरांत त्यांनीं बेटाभोंवतीं गलबतें उभीं केलीं. बळानें उतरूं पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखान नागांवहून आरमार घेऊन आला. इंग्रजांचें ‘डव्ह’ नांवाचें गुराब पाडाव झालें, पण ‘रिव्हेंज’ हें जहाज भारी पडून अखेरीस मराठी आरमारासच मागें फिरावें लागलें. ग्रंथकार ह्या लढाईवर रेंगाळतात. आमच्या मतें निकाल तेथें लागलाच नाहीं.

तो लागला रात्रीं. इंग्रजांचीं जहाजें जड; वारा पडला कीं जागीं खिळत. मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. त्या अंधारांत किनारा सोडीत, खडकांतून वाट काढीत, आणि सामानसुमान बेटावर पोंचवून परतत. ह्या होड्या अडवितां येत नाहींत, अशी कुरकुर मुंबईकर इंग्रजांच्या कागदांतच आहे. आणि शत्रूच्या कुरकुरीइतका सच्चा साक्षीदार इतिहासकारास क्वचितच लाभतो. नोव्हेंबरांत सिद्दी कासमचें आरमारही वेढ्यास येऊन मिळालें. इकडे कल्याणच्या बाजूस फौज जमवून महाराजांनीं मुंबईस जमिनीवरूनही धाक घातला. बेटावरचे लोक तोफांचा मारा सोशीत होते आणि तट वाढवीत होते. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं पाय मागें घेतला. सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकावली. खांदेरी मात्र सुटली नाहीं.

मरणाऱ्याचा निश्चय मागें राहणाऱ्याकडे वारशानें येतो, असा त्या जपानी कथेचा आग्रह आहे. मायनाकाचा निश्चय मोठा खराच. परंतु ठोशासरशी शत्रूस आडवें करणाऱ्या रबरी पोराशीं त्याचें नातें थोडें. खांदेरीचा निश्चय पोत्यांनीं मोजावा लागतो. काल जाऊन आलेला वल्हेकरी आज पुन्हां जाई, आणि तो न परतला तर त्याच्या वल्ह्यावर दुसरा बसे. कागदांत होड्यांची मोजदाद आहे, वल्हेकऱ्यांचीं नांवें नाहींत. ह्या लोकांस इंग्रज काय समजत असतील, तें पुढें कान्होजी आंग्र्यांस त्यांनीं चांचा ठरविलें त्यावरून दिसतें. तेव्हां चांच्यांस नायक करणारी कथा आम्हांस तरी इतकी परकी वाटावयास नको होती. खांदेरीस आज त्याच कान्होजींचें नांव आहे, आणि २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलेल्या बारा मराठी किल्ल्यांत ती आहे.

“सर, त्या होड्यांतली एखादी आपल्या खाडींतली असेल?” विद्यार्थ्यानें जातां जातां विचारलें. आम्हीं होयही म्हटलें नाहीं, नाहींही म्हटलें नाहीं. पाळीस अजून अवकाश होता. तो घराकडे न जातां कामवारीच्या पुलाकडे वळला.