इंदापूर ते जंजिरा : "मामा, मग आपण हरलो का?"

एसटीत असाल, जिममध्ये असाल, नाहीतर कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून बसला असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही काढलाय. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच.

आजची गोष्ट एका रीलपासून सुरू होते. माझा ऑफिसमधला एक मित्र दोन लहान पोरांना घेऊन माल्टाला जाऊन आला. भूमध्य समुद्रातलं छोटंसं बेट, त्यावर व्हॅलेटा नावाचं तटबंदीचं शहर, बुरुजावर उभी राहून समुद्राकडे बोट दाखवणारी पोरं. रील माझ्या ताईने पाहिलं. मी बारामतीचा, ताई इंदापूरला दिलेली. ती म्हणाली, "आमच्या पोरांना कधी दाखवायचं रे असलं काही?" मी म्हटलं, "ताई, पासपोर्ट राहू दे. समुद्रातलं तटबंदीचं गाव आपल्याकडे पण आहे. मुरूडला चला."

झालं ठरलं. डिसेंबरातला एक शनिवार. ताई, दाजी, नऊ वर्षांची भाची, सहा वर्षांचा भाचा आणि मी. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरताना भाच्याला गाडी लागली, दोनदा थांबलो. माणगावला मुंबई-गोवा हायवेला लागलो आणि थोड्या वेळात भाची ओरडली, "मामा! इंदापूर! आपण परत आलो!"

पाटीवर खरंच इंदापूर लिहिलेलं होतं. रायगड जिल्ह्यातलं, माणगाव तालुक्यातलं इंदापूर. तिथूनच तळ्यावरून मुरूडकडे रस्ता जातो. पहाटे इंदापूर सोडलं आणि दुपारी इंदापूरला पोचलो, यावर पोरं मुरूडपर्यंत हसत होती. मला मात्र नंतर कळलं की आमच्या इंदापूरचा आणि जंजिऱ्याचा संबंध नुसत्या नावाच्या गमतीपेक्षा बराच जवळचा आहे. त्यावर येतोच.

आधी नाव. अरबीत बेटाला 'जझीरा' म्हणतात. त्याचंच आपल्याकडे जंजिरा झालं. म्हणजे 'जंजिरा बेट' म्हणणं म्हणजे 'बेट बेट' म्हणणं. हाच शब्द भूमध्य समुद्राच्या काठीही सापडतो. अल्जिअर्स शहराचं अरबी नाव 'अल-जझाइर', म्हणजे बेटं. स्पेनमधलं अल्जेसिरास हे बंदरही याच शब्दावरून आलंय. आणि बातम्यांचं चॅनेल तर तुम्हाला माहीतच आहे.

काळही बघा. १५६५ साली तुर्कांच्या आरमाराने माल्टाला वेढा घातला. मे ते सप्टेंबर लढाई चालली, बेट पडलं नाही. लगेच पुढच्या वर्षी, १५६६ मध्ये, तिथल्या ख्रिस्ती सरदारांनी व्हॅलेटा बांधायला घेतलं. आणि जवळपास त्याच सुमारास, साधारण १५६७ ते १५७१ या काळात, निजामशाहीने राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर जंजिऱ्याचा दगडी किल्ला बांधला. त्याआधी तिथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. दोन समुद्र, दोन खडक, आणि दोन्हीकडे एकच विचार: ज्याच्याकडे हा खडक, त्याच्याकडे खालून जाणारी गलबतं.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यात जातात. लाइफ जॅकेट घातल्यावर भाचा फुगलेल्या कासवासारखा दिसत होता. मजा अशी की होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याला दार आहे हेच कळत नाही. नुसती भिंत आणि बुरुज. मग एकदम दोन बुरुजांच्या मध्ये दरवाजा उघडतो. तिथे होडी हलत असते आणि पायरी ओली असते, त्यामुळे पोरांना एकेक करून हातावर उचलून घ्यावं लागतं. दरवाजाजवळ एक शिल्प आहे. वाघासारख्या एका प्राण्याने पंजात, तोंडात, शेपटीत हत्ती पकडलेत. भाच्याने ते मोजले, सहा. आत सुमारे २२ एकर जागा, एकोणीस बुरुज, कलालबांगडी नावाची अवाढव्य तोफ, सुरूलखानाच्या वाड्याच्या उंच पडक्या भिंती. आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. पोरांना तोफेपेक्षा तलावाचंच जास्त आश्चर्य वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. भाची चौथीत आहे. चौथीला महाराष्ट्रात शिवाजी महाराजांचा इतिहास असतो, त्यामुळे तोरणा, राजगड, प्रतापगड सगळं तोंडपाठ. आमच्या गटाला किल्ला दाखवणारा दादा म्हणाला, "हा किल्ला कोणालाच जिंकता आला नाही." भाची गप्प झाली. मग माझा हात ओढून म्हणाली, "मामा, महाराजांना पण नाही? मग आपण हरलो का?"

शेजारचे एक काका लगेच म्हणाले, "बाळा, आपण कधी हरत नसतो." ती माझ्याकडेच बघत राहिली. आणि खरं सांगतो, दर पंधरा दिवसांनी इतिहासावर अर्धा तास बोलणाऱ्या मामाला एक वाक्य सुचलं नाही. मी म्हटलं, "सांगतो नंतर." म्हणजे टाळलंच. आज जे बोलतोय ते त्या 'नंतर'चं आहे.

आधी काय घडलं ते बघू. महाराजांनी जंजिऱ्यासाठी एकदा नाही, वर्षानुवर्षं प्रयत्न केले. १६७० च्या सुमारास किल्ला जवळजवळ हातात आला होता. मराठ्यांच्या वेढ्याने टेकीला आलेला फत्तेखान सिद्दी किल्ला द्यायला तयार झाला होता. पण त्याच्याच माणसांनी, म्हणजे संबूळ, कासीम आणि खैरियत या सिद्दींनी, त्याला कैद केलं आणि मुघलांची मदत मागितली. तिथून चित्र बदललं, कारण आता किल्ल्यामागे सुरतेचं मुघल आरमार उभं होतं.

किल्ला घ्यायचा तर वेढा घालायचा, रसद तोडायची आणि वाट बघायची. डोंगरावर हे जमतं. इथे वेढा जमिनीकडून आणि रसद समुद्राकडून. दार राजपुरीकडे, पण मागे उघड्या समुद्राकडे दर्या दरवाजा. प्यायला आत तलाव. वर आपला पावसाळा: चार महिने समुद्र बंद, आरमार बंदरात, मोहीम थांबलेली. त्या दिवसांत सिद्दीची गलबतं इंग्रजांच्या मुंबईत आसरा घ्यायची. म्हणजे दर वर्षी सगळं पहिल्यापासून. १५६५ मध्ये तुर्कांचीही हीच अडचण होती. सिसिलीहून मदत येऊन पोचली आणि शरद ऋतूतली वादळं तोंडावर आली, तेव्हा त्यांना माल्टा सोडावं लागलं.

मग महाराजांनी काय केलं? जंजिऱ्याच्या बुरुजावरून समुद्रात बघा, थोड्या अंतरावर दुसरा किल्ला दिसतो. तो पद्मदुर्ग, कासा नावाच्या खडकावर बांधलेला. जे बेट घेता येईना, त्याच्यासमोर दुसरं बेट उभं केलं. १६७५ च्या जानेवारीतलं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं. पद्मदुर्गाला पैसा आणि धान्य वेळेवर पाठवलं नाही म्हणून त्याची चांगलीच खरडपट्टी काढलीय. राजपुरीच्या उरावर आपण दुसरी राजपुरी उभी करतोय आणि तुम्ही रसद अडवून बसता, तुमचा मुलाहिजा कोण ठेवणार, असा त्याचा आशय. मला हे पत्र फार आवडतं. त्यात तलवार नाही, घोडा नाही. एक माणूस सप्लाय अडकली म्हणून वैतागलाय. कुठल्याही प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला ते लगेच कळेल.

दुसरी गोष्ट लाय पाटलांची. मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत या कोळी पाटलाने रात्री जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या असं सांगतात. (बारामतीकरांनो, आपले कवी मोरोपंत वेगळे आणि हे पेशवे मोरोपंत वेगळे. भाचीने विचारलं होतं.) वर चढणारी माणसं मात्र वेळेत आली नाहीत. उजाडायला लागलं तेव्हा पाटलांनी शिड्या काढून घेतल्या. मोहीम फसली, तरी महाराजांनी पाटलांना पालखीचा मान दिला. दर्यावरच्या माणसाला पालखी कशाला? म्हणून 'पालखी' नावाचं गलबत दिलं. फसलेल्या कामातही ज्याने आपला वाटा चोख केला, त्याचा सन्मान झाला.

नंतर १६८२ मध्ये संभाजीराजांनी तर किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा सेतू बांधायला घेतला. पण मुघल फौज कोकणात उतरली आणि त्यांना तिकडे वळावं लागलं. किल्ला तसाच राहिला. शेवटी १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं. व्हॅलेटाचंही असंच. एवढे तट बांधले, आणि १७९८ मध्ये नेपोलियनने माल्टा काही दिवसांत घेतलं, मोठं युद्ध न होता.

आता आमच्या इंदापूरचा संबंध. परतताना भाचीने दुसरा प्रश्न टाकला, "सिद्दी वाईट होते का?"

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे, तिने ती पाहिलीय. मालोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे आजोबा, निजामशाहीचे सरदार. ते इंदापूरच्या लढाईत पडले. त्याच निजामशाहीचा कर्ताधर्ता पुढे कोण होता? मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारामागून बाजार फिरत दख्खनेत आलेला एक सिद्दीच. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाहीच्या फौजा हरवल्या. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. म्हणजे दोन पिढ्यांआधी भोसले आणि सिद्दी एकाच दरबारात होते.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या धाडींनी किनाऱ्यावरची गावं हैराण झाली. माणसं पकडून नेली, विकली. ज्यांचे पूर्वज विकले गेले होते, त्यांनीच पुढे विकलं. माल्टाच्या सरदारांच्या जहाजांवरही साखळदंडातले गुलामच वल्ही मारायचे. रीलमध्ये दिसणाऱ्या त्या सुंदर तटाखाली हेही आहे, आणि आपल्या जंजिऱ्याखालीही.

हे सगळं नऊ वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? रात्री मुक्कामी जेवताना मी एवढंच म्हटलं, "हो, हा किल्ला आपल्याला घेता आला नाही. महाराजांनी खूप प्रयत्न केले. जमलं नाही तेव्हा ते रडत बसले नाहीत, समोर पद्मदुर्ग बांधला." ती थोडा वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझं गणित येत नाही तसं. आई म्हणते, परत कर." दाजी हसले. मला मात्र वाटलं, काकांच्या उत्तरापेक्षा हे बरं. "आपण कधी हरत नाही" असं शिकलेलं पोर पहिल्यांदा हरेल तेव्हा काय करेल, कोणाला विचारेल?

जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, हिवाळ्यात जा. पिण्याचं पाणी आणि टोप्या सोबत ठेवा. बुरुजांवर पोरांचा हात सोडू नका, कठडे सगळीकडे नाहीत. होडीवाले किल्ल्यात ठरावीकच वेळ देतात, तेव्हा आधी तलाव आणि पद्मदुर्ग दिसणारा बुरुज बघा, फोटो नंतर. जमलं तर राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी नवाबांचे घुमट आहेत, तिथेही थांबा. आणि पोरांनी अवघड प्रश्न विचारला तर माझ्यासारखं "नंतर सांगतो" म्हणून सुटका करून घेऊ नका.

तुमच्या घरातल्या पोरांनी इतिहासातला असा कुठला प्रश्न विचारून तुमची विकेट काढली असेल, तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि ताम्हिणीत पोरांना पुढच्या सीटवर बसवू नका, पण खिडकी मात्र नक्की उघडी ठेवा!