आरोग्यसेवेतील लोकसहभाग

आरोग्यसेवेतील लोकसहभाग : एखाद्या गावाच्या, वस्तीच्या अथवा सरकारी वसाहतीच्या प्राथमिक आरोग्यसेवेची आखणी करताना, आणि ती सेवा प्रत्यक्षात कशी मिळते याची वेळोवेळी तपासणी करताना, तिच्यावर अवलंबून असणाऱ्या रहिवाशांना विचारविनिमयात, निर्णयात व जाबसालात अधिकृत स्थान देण्याची पद्धती. औषधोपचाराचे ज्ञान वैद्यांकडे असते. परंतु दवाखाना कोणत्या वेळी उघडावा, औषधे कोठे अडतात, कोणत्या पाड्यावर परिचारिका पोहोचत नाही, हे ज्ञान रुग्णाकडेच असते, या विचारावर ही पद्धती आधारलेली आहे. मोहिमेत मजुरी अथवा वर्गणी देऊन साहाय्य करणे हा सहकार झाला. सहभाग या संज्ञेस तो पात्र ठरण्यासाठी निर्णयाचा काही अंश लोकांच्या हाती असावा लागतो. अमेरिकेतील शेरी आर्न्स्टाइन यांनी 1969 मध्ये नागरी सहभागाच्या आठ पायऱ्या मांडून, केवळ माहिती देणे व केवळ मत विचारणे यांना त्यांत मधल्या पायऱ्यांवर बसविले आणि सत्तेत वाटा मिळणे हाच खरा सहभाग मानला.

पूर्वपीठिका : हिंदुस्थान सरकारने 1943 साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने 1946 मध्ये सादर केलेल्या अहवालात, आरोग्यकार्यास ग्रामस्थांचे सक्रिय साहाय्य लाभावे म्हणून गावोगावी आरोग्य समित्या स्थापाव्यात, अशी शिफारस केली होती. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या इमारती उभ्या राहिल्या. समित्यांची शिफारस मात्र बहुतांशी दप्तरातच राहिली. 1978 च्या सप्टेंबरात आल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात व अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे घोषित केले.

महाराष्ट्रातील प्रयोग : या घोषणेच्या आधीच, 1970 साली, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी मुलुखातील लोकांनी औषधाआधी पाणी व अन्न यांची निकड सांगितली आणि ती मान्य करूनच कार्याचा क्रम ठरला. पुढे गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिक्षण देण्यात आले, आणि शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्या द्वारा गावाच्या आरोग्याचा हिशेब गावातच होऊ लागला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना रुग्णालय कसे हवे असे विचारले, तेव्हा भव्य इमारतीचे भय वाटते व आप्तांपासून ताटातूट सोसत नाही, हे उत्तर मिळाले. त्यानुसार शोधग्राम येथील रुग्णालय नातलगांना रुग्णासोबत राहता येईल अशा झोपड्यांच्या घडणीचे झाले आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. रचनेच्या टप्प्यावरच लोकमत घेतल्याने सेवेचे रूप कसे पालटते, याचा हा बोलका दाखला होय.

शासकीय चौकट : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 12 एप्रिल 2005 रोजी सुरू झाले आणि लोकसहभागास देशव्यापी शासकीय चौकट मिळाली. गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, तर आरोग्य केंद्र व रुग्णालय या पातळ्यांवर रुग्ण कल्याण समिती अशी तिची रचना असून, गावसमितीस वर्षाकाठी 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद करण्यात आली. 2007 मध्ये नऊ राज्यांत सेवांवर लोकांची देखरेख ठेवण्याचा प्रयोग आरंभिला गेला. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे त्याच्या समन्वयाचे काम आले आणि अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे हे पहिले पाच जिल्हे निवडले गेले.

या प्रक्रियेचा क्रम असा : समितीचे सदस्य गावात बैठका घेऊन व आरोग्य केंद्रास भेट देऊन ठराविक प्रश्नावली भरतात, लसीकरण, प्रसूतिसेवा, औषधसाठा, कर्मचाऱ्यांची उपस्थिती व वर्तणूक अशा प्रत्येक बाबीस चांगली, मध्यम किंवा वाईट असा शेरा देऊन तो हिरव्या, पिवळ्या वा लाल रंगाने प्रगतिपत्रकावर दर्शवितात, म्हणजे अक्षरशत्रूसही निकाल उमगतो, नंतर जनसुनवाईत रुग्ण आपली हकीकत स्वमुखाने सांगतात, व अधिकाऱ्यांना सर्वांसमक्ष खुलासा करावा लागतो. बाहेरून औषधे आणावयास लावणे, बेकायदा पैसे मागणे, पदे रिकामी ठेवणे अशा तक्रारी या सुनवाईत वारंवार आल्या. आरंभी केवळ देखरेखीपुरता असलेला हा उपक्रम पुढे ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ या नावाने ओळखला जाऊ लागला, कारण उणिवा दाखविणाऱ्यांनीच रुग्ण कल्याण समितीच्या निधीचा विनियोग सुचवावा, हे ओघानेच आले.

सरोजिनी नगर, दिल्ली : शहरी सरकारी वसाहतीतील लोकसहभागाचे वेगळे रूप दक्षिण दिल्लीतील, पूर्वी विनयनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सरोजिनी नगरात आढळते. येथील केंद्रीय कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक यांच्यासाठी प्राथमिक सेवेचा आधार म्हणजे 1954 साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकार आरोग्य योजनेचा दवाखाना. गंभीर रुग्णांसाठी सफदरजंग रुग्णालय जवळच आहे. या योजनेच्या दवाखान्यांत स्थानिक सल्लागार समिती असते आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिची बैठक भरविण्याचा रिवाज आहे. प्रभारी वैद्यकीय अधिकारी अध्यक्षस्थानी असतात. वसाहतीतील कर्मचाऱ्यांतून मानसेवी म्हणून नेमलेले क्षेत्र कल्याण अधिकारी, निवृत्तांच्या संघटनांचे प्रतिनिधी व अधिकृत औषधविक्रेता हे बैठकीस हजर राहतात. साठ्यात नसलेले औषध विक्रेत्याकडून मागवून रुग्णास देण्याची पद्धत असल्याने, विलंबाची तक्रार संबंधित विक्रेत्याच्या समक्षच मांडता येते, हा या रचनेचा मोठा गुण होय.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. समिती सल्लागार आहे; खर्चाची मुखत्यारी अथवा औषधांची यादी ठरविण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. शिवाय तिचे दार योजनेचे कार्ड बाळगणाऱ्यांनाच उघडे आहे. ज्या बाजारामुळे सरोजिनी नगरचे नाव देशभर झाले, तेथील फेरीवाले व दुकानांतील नोकर त्याच परिसरात दिवस घालवीत असूनही या बैठकीत त्यांना स्थान नाही. योजनेचे कार्ड नसलेल्या रहिवाशांसाठी 2013 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात 50 ते 100 कुटुंबांमागे एक महिला आरोग्य समिती व तिला वार्षिक 5,000 रुपये अबंधित निधी अशी तजवीज आहे. परंतु ती घरांच्या वस्तीवर बेतलेली असल्यामुळे केवळ रोजगारासाठी येणाऱ्यांना तिचाही लाभ सहजी होत नाही. 2016 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगरसह दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. जुन्या घरांच्या जागी बहुमजली इमारती येऊन लोकसंख्येचा विन्यास बदलतो, तेव्हा दवाखान्याची जागा, वेळा व मनुष्यबळ यांचा विचार आराखड्याच्या मसुद्यातच, भावी रहिवाशांच्या मतासह, होणे अगत्याचे ठरते.

मूल्यमापन : या पद्धतीस घेतले जाणारे आक्षेप मुख्यतः तीन : वैद्यकीय निर्णयांत अज्ञांचा हस्तक्षेप होईल, समित्या गावच्या बलिष्ठांच्या हाती जातील, आणि बैठकांचा सोपस्कार तेवढा वाढेल. पहिला आक्षेप सेवेची व्यवस्था व उपचाराचे शास्त्र यांतील भेद दृष्टीआड करतो. दुसऱ्यावर उपाय म्हणून स्त्रिया व दुर्बल घटक यांच्यासाठी समित्यांत जागा राखल्या जातात. तिसरा आक्षेप मात्र अनुभवाने खरा ठरला आहे, कारण जेथे इतिवृत्त लिहिले जाते पण त्यावर कार्यवाहीचा अहवाल पुढील बैठकीत मांडला जात नाही, तेथे उपस्थिती हळूहळू ओसरते. रहिवाशांना आखणीत शब्द, निधीच्या विनियोगात वाटा आणि तक्रारीस ठराविक मुदतीत जाहीर उत्तर, या तीन गोष्टी एकत्र मिळाल्या तरच लोकसहभाग सिद्ध होतो. यांपैकी एकीचाही अभाव असल्यास समितीचे अस्तित्व कागदोपत्रीच उरते.