मलिक अंबर आणि बालाघाटचा मुलूख

बीड शहराजवळची खजाना बावडी पाहावयास जाणारे पुष्कळ. परंतु ती बांधविणारा सलाबतखान ज्या निजामशाहीचा सरदार, तिचा शेवटचा मोठा कारभारी कोण, असें विचारिल्यास उत्तर देणारे थोडेच निघतील. तो मलिक अंबर होय. आणि तो ना मराठा, ना दखनी मुसलमान. परमुलुखांतून विकला जाऊन आलेला तो हबशी गुलाम होता.

१५४८ च्या सुमारास हबसाणांत जन्मलेल्या ह्या मुलाचें मूळ नांव चापू. बाजारोबाजार हातपालट होत तो बगदादच्या मीर कासिमकडे आला. त्यानें त्यास शिक्षण दिलें व अंबर हें नांव ठेविलें. पुढें दक्षिणेंत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्यानें त्यास विकत घेतलें. चंगीझखान स्वतः हबशी, एके काळचा गुलामच. तो मेल्यावर मोकळा झालेला अंबर विजापुरास चाकरी करून ‘मलिक’ झाला व १५९५ च्या सुमारास सुमारें दीडशें स्वारांनिशीं निजामशाहींत परतला.

१६०० सालीं चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगर मोगलांनीं घेतलें. राज्य बुडालें, असेंच कोणीही म्हटलें असतें. अंबरानें राजकुळांतला एक पुरुष विजापुराकडून आणून, बीडच्या दक्षिणेस असलेल्या परांड्याच्या किल्ल्यांत त्यास दुसरा मूर्तजा म्हणून तख्तावर बसविलें, आणि आपली कन्याही त्यास दिली. १६१० त खडकी (आजचें छत्रपती संभाजीनगर) वसवून तेथें नहरीनें पाणी खेळविलें. मोगलांनीं १६१६ त ती जाळली, तरी शहर पुन्हा उभें राहिलें. जहांगीर आपल्या आत्मचरित्रांत त्याचा उल्लेख शिव्यांवांचून क्वचितच करितो. अंबराच्या छिन्न मस्तकावर बाण सोडतांना स्वतःचें चित्रही त्यानें काढविलें. प्रत्यक्षांत तें मस्तक त्याच्या हातीं कधींच आलें नाहीं.

हें सारें गनिमी काव्याच्या बळावर झालें, असें आपण शिकत आलों, व तें खरेंच आहे. पण रात्रीं छापा घालून पहांटे पसार होणाऱ्या स्वारास वैरण आणि वाटाड्या गांवच देतो, आणि गांवानें त्या हबशाला तीं कां द्यावीं? ह्याचें उत्तर मला त्याच्या वसुलाच्या व्यवस्थेंत सांपडतें. ठराविक रक्कम भरून रयतेकडून वाटेल तें उकळणारे मक्तेदार त्यानें काढून टाकिले. पाटील-कुळकर्ण्यांचीं वतनें कायम राखून गांवचें गांवपण सांभाळलें. आरंभीं पिकाचा बेताचा हिस्सा धान्यरूपानें घेऊन, कांहीं हंगामांचा अनुभव जमल्यावर त्याची रोकड ठरविली, आणि तीहि त्या त्या सालच्या लागवडीवर. बालाघाटासारख्या उथळ जमिनीच्या व लहरी पावसाच्या मुलुखांत ह्या शेवटच्या अटीचें मोल काय, तें येथल्या कुणब्यास समजावून सांगावें लागत नाहीं. ग्रँट डफनें आपला इतिहास १८२६ त, म्हणजे अंबराच्या मृत्यूनंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, प्रसिद्ध केला. त्यांतही ह्या व्यवस्थेची वाखाणणी आहे. तींत दया किती व हिशेब किती, हा वाद निरर्थक आहे. गुलामाच्या बाजारांत स्वतःची किंमत ठरतांना पाहिलेल्या माणसास हिशेब चांगलाच कळत असला पाहिजे.

१६२४ त अहमदनगराच्या पूर्वेस भातवडीला मोगल व आदिलशाही ह्यांच्या एकवट फौजेचा त्यानें पुरा मोड केला. तलावाचें पाणी शत्रूच्या छावणींत सोडण्याची युक्ति त्याची. लढणाऱ्यांत शहाजीराजे होते, आणि त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. १६२६ च्या मे महिन्यांत अंबर वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

पुत्र फत्तेखान बापासारखा निघाला नाहीं. १६३० त दुष्काळ पडला, १६३१ च्या आरंभीं आजमखानानें बीड मुलुखांतला धारूरचा किल्ला घेतला, आणि १६३३ त दौलताबाद गेली. त्यानंतर शहाजीराजांनीं पेमगिरीवर निजामशाही वंशांतलें एक मूल तख्तावर बसवून तीन वर्षें राज्य चालविलें. परांड्यास एका हबशानें जें केलें होतें, तेंच.