तीन उपचार आणि एक मोजणी

एड्सचे पहिले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले ते १९८१ साली. चारच वर्षांनी एड्सच्या व्याख्येत लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाचीही भर पडली. एचआयव्ही हा विषाणू सीडी४ या टी-पेशींचा नाश करतो. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एड्समध्ये २०० च्याही खाली जातात. हा पहारा ढिला पडला की बी-पेशींच्या बेबंद वाढीला आवर राहत नाही.

डॉक्टरांपुढचा पेच अवघड होता. केमोथेरपीची औषधे अस्थिमज्जेतील पेशीही मारतात. पूर्ण मात्रा द्यावी तर जंतुसंसर्गाचे भय, कमी द्यावी तर कर्करोगाचे. १९८ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. मात्रा कमी असो वा पूर्ण, रुग्ण सरासरी सात-आठ महिनेच जगले; पूर्ण मात्रेचा त्रास तेवढा जास्त. पण खरी अडचण मात्रेची नव्हतीच, विषाणूची होती. १९९६ च्या सुमारास विषाणूविरोधी औषधे एकत्र देण्यास सुरुवात झाली, सीडी४ पेशी सावरू लागल्या आणि पूर्ण मात्रा सोसण्याजोगी झाली.

१९९७ च्याच अखेरीस अमेरिकेत रिटुक्सिमॅबला मान्यता मिळाली. हे प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड. बी-पेशींवरील सीडी२० या प्रथिनाला ते चिकटते आणि पेशी नष्ट होते. एचआयव्ही नसलेल्या वृद्ध रुग्णांत केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर रोग पूर्ण हटण्याचे प्रमाण ६३ वरून ७६ टक्क्यांवर गेले (२००२). मग एचआयव्हीबाधितांना का देऊ नये?

दिले गेले. १५० रुग्णांच्या चाचणीचा निकाल २००५ मध्ये आला. संसर्गाने झालेले मृत्यू नुसत्या केमोथेरपीत २ टक्के, प्रतिपिंडासह १४ टक्के! शाळेत आपण टी आणि बी पेशी वेगवेगळ्या चौकटींत शिकवतो. शरीरात मात्र एक फळी आधीच कोसळलेली असताना औषधाने दुसरीही पाडली होती. प्रतिपिंड बाद करून टाकावे, असे वाटणे साहजिक होते. पण या मृत्यूंपैकी ६० टक्के सीडी४ पेशी ५० पेक्षा कमी असलेल्या रुग्णांत झाले होते. ही मोजणी केली नसती तर एक चांगले औषध हकनाक टाकून दिले गेले असते. २०१३ मध्ये १९ चाचण्यांतील १,५४६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा एकंदरीत प्रतिपिंड घेणारे अधिक जगल्याचे दिसले; सीडी४ अगदी कमी असलेल्यांबाबतची सावधगिरी मात्र कायम राहिली.

मेंदूतील लिम्फोमा याहून अवघड. बरीच औषधे रक्तातून मेंदूत शिरत नाहीत, म्हणून पूर्वी संपूर्ण मेंदूवर किरणोपचार करीत. गाठ आकसे, पण बहुतेक रुग्ण काही महिनेच जगत. जे अधिक जगत, त्यांच्यापैकी काहींची स्मृती ढळे. २०२० साली अमेरिकेतील १२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांना विषाणूविरोधी औषधे चालू ठेवून मोठ्या मात्रेत मेथोट्रेक्सेट आणि रिटुक्सिमॅब दिले, किरण सुरुवातीला दिलेच नाहीत. बहुतेकांची आकलनशक्ती सुधारली.